येशू रडला की येशूला रडू आलं?

कळव्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. (कळव्याहून कळवळ्याबद्दल विचारणा यावी, हा योग माझ्यासारख्याला सोडवत नाही, क्षमस्व.) त्या लिहितात: 'आमच्या मराठी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) मी संडेस्कूलला शिकवते. गेल्या रविवारी येशूने मेलेल्या लाजराला उठवलं, ती गोष्ट चालू होती. "येशू रडला" हे वाक्य आलं आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा "रडूबाई!" म्हणाला. सगळा वर्ग हसला. तिथे "येशूने अश्रू ढाळले" असं वाचलं तर चालेल का? आणि बायबलात कुठे दया असते, कुठे करुणा, कुठे कळवळा. हे सगळं एकच ना?'

आधी त्या मुलाची बाजू घेतो. मी ख्रिस्ती नाही, ठाण्याच्या नौपाड्यात बसून शब्दांच्या खोड्या काढणारा माणूस आहे, पण त्याला हसू का आलं ते मला कळतं. 'रडणं' या क्रियापदाचं गणगोतच तसलं आहे. रडगाणं, रडकथा, रडीचा डाव, रडकुंडी, रडतखडत, रडतराऊ. यातला एकही शब्द कुणाचा मान वाढवणारा नाही. मोठ्या माणसाचं रडणं सांगायचं तर मराठी त्याला सोबत देते: ढसाढसा रडला, हमसून हमसून रडला, धाय मोकलून रडला. नुसतं 'रडला' म्हटलं की आधी 'पडला' असणार असं वाटतं. त्यात मुलग्याला चिडवायचं तर 'रडूबाई', म्हणजे रडण्याबरोबर बाईपणाचाही टोमणा. तो वेगळा विषय आहे, पण वर्गात त्यावरही बोलायला हरकत नाही.

तरीही 'अश्रू ढाळले' नको. ढाळणं हे ठरवून करण्याचं काम वाटतं. चवरी ढाळतात तसं. शिवाय वर्तमानपत्रांनी हा प्रयोग इतका वापरलाय की 'ढाळले' वाचताना मागे मगर दिसते. 'रुदन केले' कीर्तनात शोभेल. 'डोळ्यांत पाणी आले' साधं आणि चांगलं आहे, पण पाणी कांदा चिरतानाही येतं आणि घोडबंदर रोडच्या धुळीनंही.

आता मूळ काय आहे ते पाहू. सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, ग्रीक शिकलेल्या एका स्नेह्यांबरोबर बसून बायबलातल्या योहानाच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय ओळीओळीने पाहिला. लाजराची बहीण मरीया रडते, तिच्याबरोबर आलेले लोक रडतात, तिथे ग्रीक क्रियापद 'क्लायो' आहे: मयताच्या घरी होतं तसं आवाज करून रडणं. दोनच वचनांनंतर, पस्तिसाव्या वचनात, येशूसाठी मात्र वेगळं क्रियापद येतं, 'दाक्रुओ'. 'दाक्रु' म्हणजे आसू. आवाज नाही, नुसती आसवं. अख्ख्या नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या येशूपासून पुढच्या भागात, हे क्रियापद या एकाच ठिकाणी आहे. मराठीत दोन्हीकडे 'रडणं' आल्यामुळे हा फरक पुसला गेला, म्हणून ताईंची शंका रास्तच आहे. पण येशू कधी मोठ्याने रडलाच नाही, असाही अर्थ काढू नये. नव्या करारातल्याच लूकच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात यरुशलेम नगर समोर दिसताच तो रडतो, तिथे 'क्लायो'च आहे.

मग पर्याय काय? मी सुचवेन: 'येशूला रडू आलं.' 'रडला' म्हटलं की रडणारा कर्ता झाला. 'रडू आलं' म्हटलं की रडूच कर्ता, आणि ज्याला ते आलं तो चतुर्थीत, निमूटपणे बाजूला उभा. राग येतो, झोप येते, आठवण येते, तसं रडू येतं. आवरता येत नाही. ग्रीक क्रियापदाचं इथलं रूपही असं आहे की अनेक अभ्यासक ते 'रडू फुटलं' अशाच अर्थाने घेतात. व्यासपीठावरून वाचताना छापील 'येशू रडला' तसंच राहू द्यावं, त्याच्या दोन शब्दांतच जोर आहे. पण मुलांना गोष्ट सांगताना 'येशूला रडू आलं' म्हणून पाहा. मला वाटतं, हसू येणार नाही.

एक गंमत त्या मुलांनाही विचारता येईल. लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं. पाच-दहा मिनिटांत सगळं ठीक होणार हे माहीत असलेला माणूस रडेल कशाला? इथेच ख्रिस्ती श्रद्धेचा एक मोठा खांब आहे. त्या काळच्या स्तोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या विचारात शहाण्याने विकारांच्या पलीकडे असावं, असा आदर्श होता. देव तर त्याहून अढळ. आणि इथे देवाचा पुत्र गावाबाहेर, लोकांदेखत रडतो. तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, हे सूत्र ४५१ साली काल्सेदोनच्या धर्मपरिषदेत शब्दबद्ध झालं. त्यातल्या मनुष्याची साक्ष म्हणून हे वचन पुढे आणतात. समोरची मरीया रडत होती, एवढं कारण त्याला पुरलं.

आता कळवळा. माझ्या मते मराठी बायबलातली ही सगळ्यात अचूक निवड आहे. पांगलेल्या लोकसमुदायाला पाहून येशूला 'कळवळा आला' (मत्तय ९). जखमी वाटसरूला पाहून शोमरोन्याला, म्हणजे परक्या समाजातल्या माणसाला, कळवळा आला (लूक १०). उधळ्या मुलाला दुरून पाहून बापाला कळवळा आला (लूक १५). या सगळ्या ठिकाणी ग्रीकमध्ये 'स्प्लांख्निझोमाय' हे क्रियापद आहे आणि त्याच्या पोटात 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी, कोथळा. अक्षरशः 'आतडं हललं'. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भुकेने पोर कळवळतं, पोटात कळ येते, लेकरासाठी आईचं आतडं तुटतं, पोटात कालवतं. माया आपण पोटातच ठेवतो. तुकोबांनी 'ऐसी कळवळ्याची जाती' म्हणताना आईचं उदाहरण घेतलं आणि लगेच पुढे 'पोटीं भार वाहे' म्हटलं. हिब्रूतही तेच: करुणेचा शब्द 'रहमीम', आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. भूमध्य समुद्राकाठचा शब्द आणि देहूचा शब्द एकाच अवयवापाशी येऊन थांबले.

म्हणून ताई, हे सगळं एक नाही. दया केली जाते. ती वरून खाली येते, म्हणून प्रार्थनेत 'प्रभू, दया कर' अगदी बरोबर. करुणा भाकता येते, म्हणजे मागणाऱ्याच्या तोंडीही शोभते. कीव कुणालाच नको असते. अनुकंपा बिचारी सरकारी कचेरीत अडकली. आता तिची यादी असते आणि त्या यादीत नंबर असतो. सहानुभूतीची निवडणुकीत लाट येते. कळवळ्याचं तसं नाही. कळवळा 'करता' येत नाही, फक्त येतो, पुन्हा तेच चतुर्थीचं व्याकरण: 'त्याला कळवळा आला'. दाखवता मात्र येतो, आणि दाखवला की बातमीत अवतरणचिन्हांत जाऊन बसतो. 'तुला भारी कळवळा आलाय तिचा!' हे वाक्य कुठल्या सुरात म्हणतात ते मराठी घरात सांगायला नको.

दया आणि कळवळा यांतला फरक पोप फ्रान्सिस यांनी १८ जानेवारी २०१५ रोजी मनिलात सांगितला होता, अर्थात मराठी न येता. मुलांना एवढं का सोसावं लागतं असं विचारताना एका मुलीला रडू कोसळलं. पोपनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: जगाची करुणा फार तर खिशात हात घालते, नाणं देते आणि पुढे जाते, येशूनेही तेवढंच केलं असतं तर दोन-चार जणांना भेटून तो निघून गेला असता. आणि आपण रडायला शिकलं पाहिजे, असंही ते म्हणाले.

रडणं आणि कळवळा एकाच वाक्यात हवे असतील तर लूकचा सातवा अध्याय काढा. नाईन गावच्या विधवेच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा निघालीय. तिला पाहून प्रभूला कळवळा येतो आणि तो तिला रडू नको म्हणतो. हेच 'रडू नका' पुढे उलटं होऊन येतं. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्याच स्नेह्यांबरोबर गुड फ्रायडेच्या आधीच्या एका शुक्रवारी मी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचे प्रसंग थांबत थांबत आठवण्याच्या प्रार्थनेला, गेलो होतो. चौदा स्थानांपैकी आठव्यापाशी यरुशलेमेच्या बायका भेटतात. तिथे येशू सांगतो: माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि आपल्या मुलाबाळांसाठी रडा. खांद्यावर क्रूस आणि काळजी त्यांच्या पोरांची. शेजारच्या आजी तिथे पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना ग्रीक येत नसावं.

जाता जाता आणखी एक शब्द, कारण तो मरत चाललाय. बायबलातलं छप्पन्नावं स्तोत्र मराठीत म्हणतं की माझी आसवे तू आपल्या बुधलीत भरून ठेवली आहेत. बुधली म्हणजे तेल-तूप ठेवायची चामड्याची लहान कुपी. तेल सांडू नये म्हणून जपायचं भांडं, आणि त्यात आसवं. पुढच्या रविवारी मागच्या बाकावरच्या त्या मुलालाच उभं करा आणि विचारा, बुधली कधी पाहिलीस का. नसेल पाहिली तर आजीला विचारून यायला सांगा.