सांगलीत राहून मित्राला हाय-पॉवर रॉकेटचा नाद कसा लावू?

थेट हाय-पॉवरपासून नको, पाण्याच्या रॉकेटपासून लावा. अमेरिकेत मोटरचा (रॉकेट ढकलणाऱ्या इंधनाच्या नळीचा) एकूण आवेग, म्हणजे सरासरी जोर गुणिले जळण्याचा वेळ, १६० न्यूटन-सेकंदांपुढे गेला की हाय-पॉवर म्हणतात. मोटरींना इंग्रजी अक्षरांनी दर्जा देतात; म्हणजे 'एच' मोटरपासून पुढे, आणि दर अक्षरामागे आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट. तिथेही आधी परीक्षेचं उड्डाण करून रॉकेट धडपणे परत आणावं लागतं, तेव्हा पुढची मोटर मिळते. आपल्याकडे तशा मोटरी दुकानात मिळत नाहीत. म्हणून घरी दारू कुटायला बसू नका; बोटं जातील आणि स्फोटक कायदाही आडवा येईल.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या (पाण्याची पातळ बाटली फुटते), तिसरा हिस्सा पाणी भरा, सायकलच्या पंपाने ५० पौंड हवा मारा आणि लांबून दोरी ओढून सोडा. पहिल्यांदा बहुतेक ते कोलांट्या मारेल. मित्र हसेल, हसू द्या. खरी गंमत तिथूनच आहे. रॉकेटचा तोल जिथे सांभाळला जातो तिथे दोरी बांधून ते डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तर ठीक, नाहीतर नाकात थोडी शाडू भरा किंवा पंख मोठे करा. हाय-पॉवरलाही नियम हाच, गुरुत्वकेंद्र (जिथे तोल सांभाळला जातो) दाबकेंद्राच्या (जिथे हवेचा जोर एकवटतो) पुढे.

जागा? ऊस तुटून गेलेलं रान, मालकाला विचारून. जतकडचा माळ त्याहून बरा. द्राक्षबागेजवळ मात्र नको, मांडवात अडकलं तर रॉकेटही जाईल आणि शिव्याही खाल.