साताऱ्यातलं मेक्सिकन जेवण अस्सल आहे का, हे टॉर्टियावरून कळतं

तुम्ही विचारलंय की साताऱ्यातल्या एका रेस्टॉरंटच्या मेनूत आता 'ऑथेंटिक मेक्सिकन' असं वेगळं पान आलंय. चौघांनी जाऊन खर्च करण्याआधी ते खरंच तसं आहे का, हे कसं ओळखायचं? आणि आई शाकाहारी असल्यामुळे काय मागवायचं?

ऑर्डर देण्याआधी एवढंच विचारा: टॉर्टिया, म्हणजे तिकडची पातळ पोळी, मक्याचा आहे की मैद्याचा, आणि तो इथंच भाजता का? बाकी सगळं त्या उत्तरावरून बऱ्यापैकी कळतं.

मैद्याचा टॉर्टिया म्हणजे फसवणूक असं मात्र नाही. मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोराकडे, गहू पिकतो. तिथं मैद्याचाच टॉर्टिया खातात आणि बरिटो, म्हणजे सारण भरून गुंडाळलेला टॉर्टिया, तोही त्याच भागातला. पण मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेला टॉर्टिया, मक्याचाच. तो आपल्या गिरणीतून दळून आणलेल्या मक्याच्या पिठाचा होत नाही, इथंच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो.

तिकडे वाळलेला मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. एक किलो मक्याला साधारण तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम कोरडा खायचा चुना. विड्याचा ओला चुना असेल तर त्यात पाणी असतं, म्हणून तो दीडपट ते दुप्पट लागतो. अर्धा तास मंद आचेवर शिजवून मका त्याच पाण्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी चोळून धुतला की साल सुटून येते. मग तो ओलाच वाटायचा. या मक्याला निक्स्तामाल म्हणतात आणि वाटलेल्या गोळ्याला मासा. चुन्यामुळे सालीतले धागे विरघळून पिठाला चिकटपणा येतो. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडा फाटतात, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. साध्या मक्याच्या पिठाला ती विरी मुळातच फार कमी, चुना ती आणून देतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळे मोकळं होतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, म्हणून मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. 2010 मध्ये युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या रीतीचाही उल्लेख आहे.

साताऱ्यात कुणी रोज मका शिजवून वाटेल अशी अपेक्षा मी धरणार नाही. पण निक्स्तामाल वाळवून केलेलं तयार पीठ मिळतं, त्याला मासा हरिना म्हणतात. ते वापरत असतील तर उत्तम. 'कॉर्नफ्लोअरचा करतो' असं उत्तर आलं तर समजा की माहिती नाही. तो नुसता स्टार्च, त्याचा टॉर्टिया होतच नाही.

टॉर्टिया ताटात आला की आधी नाकाशी न्या. पहिल्या पावसात भिजलेल्या चुन्याच्या भिंतीला येतो तसा हलका वास आणि त्यात भाजलेल्या कणसाचा वास मिसळलेला हवा. मग दुमडून पाहा. गरम असताना तो रुमालासारखा दुमडला पाहिजे. घडीवर तडा गेला तर एक तर पीठ साधं आहे, नाहीतर भाजून उघडा ठेवल्यामुळे सुकलाय. म्हणूनच तिकडेही टॉर्टिया आपल्या भाकऱ्यांसारखे फडक्यात गुंडाळून ठेवतात.

कडक, यू आकाराचा, तळलेला टाको आणि त्यावर पिवळं चीज हे अमेरिकेत रुजलेलं खाणं आहे. चवीला वाईट नाही, पण त्यासाठी अस्सल म्हणून जास्त पैसे देऊ नका. नाचो, म्हणजे तळलेल्या टॉर्टियाच्या तुकड्यांवर चीज, मात्र खरोखर मेक्सिकोतला. पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरच्या गावात इग्नासिओ अनाया यांनी तो पहिल्यांदा केला आणि 'नाचो' हे त्यांचंच लाडकं नाव. पण ते चटकमटक खाणं, जेवण नव्हे.

दुसरी खूण साल्साची, म्हणजे तिकडच्या चटणीची. टोमॅटो सॉसमध्ये कांदा ढकलला म्हणजे साल्सा होत नाही. टोमॅटो, कांदा, लसूण आणि मिरची तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून मोल्काहेते नावाच्या दगडी खलात रगडतात. तो खल बेसाल्टचा असतो, म्हणजे आपला पाटा-वरवंटा ज्या काळ्या दगडाचा, त्याच जातीचा. मिक्सरमध्ये फिरवलेला साल्सा फेसाळ आणि फिकट होतो. रगडलेल्यात टोमॅटोची साल आणि मिरचीचं बी वेगळं दिसतं. तिखटाला तिथं ग्वाहियो, आंचो अशा सुक्या मिरच्या लागतात. त्या नसल्या तर ब्याडगी रंगाला आणि सौम्य तिखटपणाला जवळची आहे. ती तव्यावर पंधरा-वीस सेकंदच परतावी, करपली की सगळा रस्सा कडू. आणि ताटाला पिझ्झाचा वास आला तर पाकिटातला इटालियन ओरेगॅनो पडलाय. मेक्सिकन ओरेगॅनो वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे.

आता आईंसाठी. त्यांच्याकरता फ्रिहोलेस, म्हणजे शिजवून घोटलेला घेवडा, नक्की मागवा. पण पारंपरिक रीतीत तो डुकराच्या चरबीत परततात, म्हणून कशात परतलाय हे विचाराच. भातही अनेकदा चिकनच्या पाण्यात शिजवतात, तेही विचारा. मालकांना एक सुचवा, मी अगदी मनापासून सांगतोय: डब्यातल्या राजम्याऐवजी कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो वनस्पतिशास्त्रानं मेक्सिकन फ्रिहोलच्याच जातीचा. आठ तास भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला बोटानं सहज चुरडेल इतका शिजवायचा. अर्धाकच्चा घेवडा पोट बिघडवतो. सोबत एस्कितेस मागवा: मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, चुरलेलं खारट चीज. चीजऐवजी ताजं पनीर मीठ लावून चुरलं तरी चालतं. आंबट क्रीमच्या जागी चक्का ठेवला असेल तर तक्रार करू नका. ग्वाकामोलेत मात्र अव्होकाडो, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ यापलीकडे फारसं काही नको. मेयोनीज घातलं असेल तर अव्होकाडो कमी पडलाय.

मटण खाणाऱ्यांनी मेनूत बिरिया असेल तर तीच घ्यावी. हालिस्को राज्यातली ही बोकडाच्या मटणाची डिश: सुक्या मिरच्यांचं वाटण, व्हिनेगर, लवंग, दालचिनी, आणि तासन् तास मंद आच. मटण बोटानं सुटायला हवं आणि रस्सा वेगळ्या वाटीत यायला हवा.

चौघांना आधी आठ टाको पुरे, एकदम सोळा मागवू नका. टाको ताटात पडल्यापासून पाचेक मिनिटांत रस टॉर्टियात मुरतो आणि तो खालून फाटतो. साल्सा आणि लिंबू खायच्या क्षणी घाला, आधी नाही. लिंबू आपलं कागदीच बरोबर, मेक्सिकन लाइम म्हणतात ते हेच. पार्सल न्यायचंच असेल तर टॉर्टिया कोरड्या फडक्यात, सारण आणि साल्सा वेगवेगळ्या डब्यांत मागा आणि घरी तवा तापवून एकेक टॉर्टिया वीस सेकंद उलटापालटा करून घ्या.