२७ आठवड्यांच्या बाळाच्या पेटीत पाणी का भरतात? मुंबईची हवा तर आधीच दमट असते ना?

तुमची भाची २७व्या आठवड्यात जन्मली, पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) आहे, आणि आजी म्हणते की घरी आल्यावर डाळीचं पीठ लावून चोळलं की कातडी घट्ट होईल. आधी त्या पिठाचं सांगते: नको. अजिबात नको. मी परळ भागात नवजात बाळांच्या आयसीयूत बारा वर्षं नर्स आहे.

जुलैत बाहेर टॉवेल वाळत नाही हे खरं. पण आमच्याकडे एसी चोवीस तास चालतो, तिथली हवा कोरडी. आणि अंगातलं पाणी अडवून ठेवेल अशी कातडी या बाळाला अजून आलेलीच नसते.

पोटात सुरुवातीला कातडी म्हणजे पेशींचा एकच पदर. मग त्यावर पेरिडर्म नावाचं तात्पुरतं पांघरूण येतं आणि त्याच्या आत एकेक थर चढत जातो. साधारण २२ ते २४ आठवड्यांत वरच्या पेशी चपट्या, टणक होऊन मरू लागतात आणि ते पांघरूण गळून पडतं. या मेलेल्या पेशी म्हणजे कौलं समजा. त्यांच्यामधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल अशा चरबीने लिंपल्या जातात. हे छप्पर ३४ आठवड्यांच्या सुमारास पुरतं होतं. तुमच्या भाचीची जेमतेम दोन-तीन थर कौलं चढली आहेत. म्हणून ती लाल, चकचकीत दिसते, शिरा दिसतात. अंगातून पाणी उडून जातं, त्याबरोबर ऊबही जाते. पेटीत पाणी भरून आतली हवा सुरुवातीला ७०-८० टक्के दमट ठेवतात ती यासाठी.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका बाळाच्या गालावरची नळीची चिकटपट्टी मी सवयीने ओढून काढली. पट्टीबरोबर तांदळाच्या दाण्याएवढी कातडी निघाली. खाली ओली लाल जागा. बाळ रडलंसुद्धा नाही, नुसता चेहरा आक्रसला. तेव्हापासून पट्टी आधी पाण्याने भिजवते, मगच हात लावते.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा थर असतो ना, व्हर्निक्स, तोही हिला मिळालेला नाही. शेवटच्या तीन महिन्यांत तो चढतो आणि त्याच्या आड, गर्भजलात राहूनही कातडी पक्की होत जाते. नातेवाईक त्याला घाण समजून "पुसा की ते" म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना तर पहिली अंघोळच २४ तासांनंतर घाला म्हणते.

एक बरं आहे. हवा लागली की कातडी भराभर पिकते, बहुतेक दोन ते चार आठवड्यांत. म्हणून ओलावाही हळूहळू कमी करत नेतात. तेल लावायचं का, कुठलं, कधी, हे तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. ते हो म्हणाले की बहिणीने तिला उघड्या छातीवर घ्यावं, कांगारू पद्धतीने.

आणि पेटीच्या काचेवर आतून दव दिसलं तर घाबरू नका. हात आत घालण्याआधी मात्र बांगड्या, अंगठ्या काढून कोपरापर्यंत धुवा.