घोडा बुजतो तेव्हा

प्रिय मित्रा,

नवा घोडा रोजच्याच कुंपणाजवळ अडतो आणि सगळे म्हणतात, दोन चाबूक दे, सुधारेल. चाबूक उचलू नकोस. तो नाटकं करत नाही. त्याला काय दिसतंय, ते आधी बघ.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. मान न वळवता त्याला भोवतालचा जवळपास ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही ते कपाळासमोर अगदी जवळचं, तोंडाखालचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणून कपाळाकडे एकदम हात नेलास की तो मान झटकतो. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत ये आणि हात आधी मानेवर ठेव. शिवाय जाताना डावीकडे असलेला पत्रा परतताना उजवीकडून, निराळ्या कोनातून दिसतो, आणि ओळखीच्या वस्तूलाही तो बुजतो. रात्री त्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं, मात्र उजेडातून अंधारात जाताना डोळे सरावायला वेळ लागतो. तबेल्याच्या दाराशी त्याला ओढू नकोस, जरा थांब.

रंगांचंही तसंच. निळा-पिवळा कळतो, लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवरचे केशरी पट्टे २०२२ पासून पांढरे करायला घेतले ते याच कारणाने. माणसाला उठून दिसणारा केशरी रंग घोड्याला हिरवळीत हरवलेला दिसत होता.

आता मिशांबद्दल, कारण हे मला फार लागतं. देखणा दिसावा म्हणून ओठांभोवतीचे लांब केस कापतात. तोंडाखालचं त्याला दिसत नाही, तिथे हे केसच त्याचे डोळे. चंदी, म्हणजे त्याचा दाणा, खाताना बघ, केस आधी टेकतात, मग ओठ. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२१ पासून स्पर्धांच्या घोड्यांचे हे केस कापायला बंदी घातली आहे. तू कापू नकोस, कुणाला कापू देऊ नकोस.

कातडीही तितकीच तिखट. माशी बसली की तेवढ्याच जागी थरथरते. मग तुझी टाच त्याला किती जाणवत असेल! हळू लाव.

उद्या तो अडला की लगाम सैल सोड, मान वर-खाली करून त्याला बघू दे, आणि तू त्याच्या कानांकडे बघ. दोन्ही कान स्वतंत्र फिरतात, आपल्याला ऐकूच न येणारे फार उंच पट्टीचे आवाज टिपतात. कान जिकडे रोखलेत तिकडे उतरून जा, तिथे काय आहे ते शोध आणि मला कळव.

तुझा,
काका