पीडीएफ वाचायचीय की बदलायचीय?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्यात. ४ जीबी रॅमच्या हलक्या लॅपटॉपवर तीनशे पानांचं स्कॅन केलेलं पुस्तक उघडलं की तो हँग होतो, आणि दुसऱ्या एका फाइलीत दोन ओळी दुरुस्त करायच्यात. दोन्हींसाठी एकच भलामोठा एडिटर टाकायचा विचार सोडून द्या. त्याने उलट पहिला त्रास वाढेल.

आधी पुस्तक. फाइल ४० एमबीची असली तरी ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केलेलं ए-फोर पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. रंगीत असेल तर उलगडल्यावर एकटं पान मेमरीत सुमारे २६ एमबी खातं, आणि बरेच व्ह्यूअर पुढची-मागची पानंही आधीच तयार करून ठेवतात. विंडोजवर सुमात्रा पीडीएफ वापरा. अगदी छोटा प्रोग्रॅम आहे, इन्स्टॉल न करताही चालतो. लिनक्सवर झथुरा किंवा एव्हिन्स. सलग स्क्रोल बंद करून एकेक पान बघा, तेवढ्यानेही फरक पडतो.

तरीही अडकत असेल तर घोस्टस्क्रिप्ट या मोफत प्रोग्रॅमने फाइल बारीक करा. त्यातलं ‘ईबुक’ सेटिंग रंगीत चित्रं १५० डीपीआयवर आणतं, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश. ‘स्क्रीन’ सेटिंगच्या वाटेला जाऊ नका: ते ७२ वर आणतं आणि मराठी मजकुरात आधी अनुस्वार पुसट होतात, मग रफार, मग सगळी जोडाक्षरं एकसारखी दिसायला लागतात. मूळ फाइल अर्थातच जपून ठेवा.

आता त्या दोन ओळी. पीडीएफमध्ये परिच्छेद असा काही प्रकार बहुधा नसतोच. ‘हा आकार इथे, तो आकार तिथे’ अशा सूचना असतात, छापलेल्या कागदासारख्या. फॉन्टही बऱ्याचदा अर्धामुर्धा भरलेला असतो, त्या फाइलीत लागलेल्या अक्षरांपुरता. तुम्हाला ‘ज्ञ’ हवाय आणि मूळ मजकुरात तो कुठेच नाही, तर आणणार कुठून? देवनागरीत आणखी गंमत. ‘किती’ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, कधीकधी वेलांटी ‘क’च्या आधी सुटी पडलेली दिसेल, कारण कागदावर ती आधी काढलेली असते. लिबरऑफिस ड्रॉ पीडीएफ उघडतं, इंग्रजी मजकुराची किरकोळ दुरुस्ती निभावतंही, पण बहुधा प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत येते आणि मराठीचा पार चुराडा होऊ शकतो. म्हणून ज्याने ती पीडीएफ बनवली त्याच्याकडे मूळ फाइल मागा. पाच मिनिटांचं काम आहे. मी स्वतः हे न करता अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे.

नुसतं वरून लिहायचं असेल, म्हणजे फॉर्म भरणं, खूण करणं, सही चिकटवणं, तर फायरफॉक्स पुरतो. २०२२ पासून त्यात पीडीएफवर मजकूर टाकता येतो आणि रेघोट्या मारता येतात. पेन किंवा टचस्क्रीन असेल तर झुर्नल प्लस प्लस जास्त बरं. पानं गाळायला, फिरवायला, दोन फाइली जोडायला पीडीएफ अरेंजर.

एक मात्र सांभाळा. मजकुरावर काळा चौकोन टाकला म्हणजे तो गेला असं नाही. मी एकदा फोन नंबर असा ‘झाकून’ फाइल पाठवली. समोरच्याने चौकोनावरून माउस ओढला, कॉपी केलं आणि तोच नंबर मला परत पाठवला. खरंच लपवायचं असेल तर झाकलेल्या पानाचं चित्र बनवून ते मूळ पानाच्या जागी घाला. आणि डिजिटल सही असलेल्या फाइलीला हात लावू नका, मजकूर बदलला की सही पडताळणीत टिकत नाही.

तुमच्या त्या दुसऱ्या फाइलीत अक्षरं माउसने सिलेक्ट होतात का, तेवढं सांगा. होत नसतील तर तीही बहुधा स्कॅनच आहे, आणि मग मूळ प्रत मिळवणं किंवा ते पान नव्याने टाइप करणं हेच दोन मार्ग उरतात.