नागपुरात एएनएम (नर्सिंगचा कोर्स) करायचंय, पण कंबर दुखते. मेडिकल फिटनेसमध्ये अडकेन का?

नुसत्या कंबरदुखीने सहसा अडत नाही, पण डॉक्टरपासून लपवू नकोस. खरी परीक्षा वॉर्डात असते. नागपूरची सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल असो की मेयो, तासन्तास उभं राहणं आणि सत्तर किलोचा पेशंट कुशीवर वळवणं आलंच. एकटीने ओढायचं नाही. दोघींनी खालची चादर धरायची, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस (०, १, ६ महिने) आत्ताच सुरू कर.

मनाचं म्हणशील, तर पहिला बेडसोर (पडून राहून झालेली जखम) बघून मी बाथरूममध्ये जाऊन ओकले होते. आठवड्यात सवय झाली. पहिला मृत्यू मात्र महिनाभर डोक्यातून गेला नाही. सिस्टरांशी बोलले म्हणून टिकले. झोपेची किंवा अँक्झायटीची गोळी सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगून टाक.