रविवारी पाणी बदललं की सोमवारी श्रिंप मरतात

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. हडपसरला फ्लॅट, दोन बाय एक बाय एक फुटाची माशांची टाकी, लावून दोन महिने झाले. आत क्रिप्ट, अनुबियास, जावा मॉस ही झाडं. मासे म्हणजे दहा निऑन टेट्रा, दोन एंजल, एक सकर. चेरी श्रिंप (शोभेची छोटी कोळंबी) दोनदा आणल्या, दोन्ही वेळा सोमवार-मंगळवारी एकेक करून गेल्या. क्रिप्टची पानं विरघळताहेत, काचेवर हिरवं शेवाळ, दिवा बारा तास. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) दोन्ही शून्य. दुकानदार म्हणतो सीओटू सेट (झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारा) घ्या आणि एक औषध टाका.

दोन्ही घेऊ नका. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त ते शेवटच्या ओळीत दडलंय. तुम्ही लिहिलंय, रोज आटलेलं पाणी बोअरच्या पाण्याने भरता आणि दर रविवारी निम्मं पाणी काढून आरओचं टाकता. हे नेमकं उलटं झालंय.

पाणी आटतं तेव्हा नुसतं पाणीच उडून जातं, त्यातले क्षार टाकीतच राहतात. त्यावर परत क्षाराचं बोअरचं पाणी ओतलं की रोज थोडा कॅल्शियम, थोडा मॅग्नेशियम वाढत जातो. आठवडाभर असं चढवायचं आणि रविवारी ३० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) आरओ घालून एका झटक्यात निम्म्यावर आणायचं. मासे हा झोका बऱ्यापैकी सहन करतात. श्रिंपला ते जमत नाही. बाहेरचं पाणी अचानक पातळ झालं की तिच्या अंगात पाणी शिरतं आणि वेळ झालेली नसताना ती कात टाकायला लागते. नवं कवच तयार नसतं, जुनं सुटत नाही, आणि त्यातच ती अडकून मरते. मेलेली श्रिंप पुढच्या वेळी हातावर घेऊन बघा. डोक्याचा भाग आणि पाठ जिथे जुळतात तिथे सगळीकडून गेलेली पांढरी रेघ दिसली, तर कारण हेच. तुमच्या सोमवार-मंगळवारच्या मृत्यूंचं गणित त्यात बसतं.

कात आणि प्रेत यातला फरक मात्र ओळखायला शिका, नवीन माणूस हमखास घाबरतो. कात काचेसारखी आरपार असते, मिशा आणि पायांची बारीक टोकंसुद्धा जशीच्या तशी, पण आत काही नाही. मेलेली श्रिंप दुधी-गुलाबी दिसते. कात काढून टाकू नका, श्रिंप ती खातात, त्यातला कॅल्शियम परत वापरतात.

आता पाणी. तुमचं बोअर ६५०, आरओ ३०. एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ मिसळलं की साधारण १८५ येतं, चेरीसाठी उत्तम. १५० ते ३०० मध्ये कुठेही चालतं, फक्त एकदा ठरवलेला आकडा हलवायचा नाही. पाणी बदलायचं ते या मिश्रणाने, आठवड्याला १० ते १५ टक्के, आणि हळू. आटलेलं पाणी भरायचं ते मात्र नुसत्या आरओने. एवढा एक बदल केलात तरी निम्मं काम झालं.

एक गोष्ट आधी तपासा. तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय का? बऱ्याच ठिकाणी इमारतीच्या पाण्याच्या टाकीजवळच असतो आणि रहिवाशांना पत्ताही नसतो. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. टीडीएस मीटर तरीही तोच आकडा दाखवतो, कारण त्याला कुठला क्षार आहे ते कळत नाही. श्रिंपला मात्र कवचासाठी काहीच मिळत नाही. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो का बघा. धरत असेल तर पाण्यात चुना आहे. धरत नसेल तर सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनचं पाणी घ्या, नाहीतर आरओमध्ये श्रिंपसाठी मिळणारी मिनरल पावडर घाला. सीओटूसाठी ठेवलेल्या पैशातून जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजायचं किट घ्या. ६ ते १० च्या दरम्यान आलं की निश्चिंत. कॉर्पोरेशनचं पाणी वापरणाऱ्यांना क्लोरीन घालवायला हायपोचे दोन-चार खडे पुरतात, तुम्हाला त्याचीही गरज नाही.

दुसरा संशयित तुमच्या खोलीतच आहे, त्याच्याविषयी तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारतो. डासांसाठी प्लगला लावायचं मशीन त्याच खोलीत चालतं का? त्यातलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं असतं. माणसाला फारसा त्रास नाही, पण कीटकांना जे मारतं ते त्यांच्या नात्यातल्या श्रिंपलाही मारतं. एअरपंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे आपणच डोस देत असतो. पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी आणा, किंवा त्या खोलीत मच्छरदाणी लावा. सोसायटीत धूर फवारणी असेल त्या दिवशी खिडक्या बंद आणि पंपही तेवढा वेळ बंद. नवीन झाडांवरही नर्सरीतलं कीटकनाशक असू शकतं. ती दहा-पंधरा दिवस बादलीत, रोज पाणी बदलत ठेवायची आणि मगच टाकीत. माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर लिहिलेलं दिसलं तर ती श्रिंपच्या टाकीजवळही नको. गोगलगायी मारायचं औषध तर बहुतेक वेळा तेच.

क्रिप्टची काळजी सोडा. तुमचं पाणी वर-खाली होतंय हे श्रिंपच्या आधी तिनेच सांगितलं होतं. शिवाय दुकानातली बरीच क्रिप्ट पाण्याबाहेर वाढवलेली असते. तिची हवेतली पानं पाण्यात गळतात आणि पाण्यातली नवी यायला तीन-चार आठवडे लागतात. सडलेली पानं कापून काढा, पण मूळ उपटू नका आणि जागा बदलू नका. लोक हीच घाई करतात आणि झाड पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरलं असेल तर वर काढून दगडाला दोऱ्याने बांधा, पुरलेलं खोड कुजतं. या तिन्ही झाडांना सीओटू लागत नाही. काचेवरच्या हिरव्या शेवाळाचं कारण तुमचा बारा तासांचा दिवा. टायमर लावून सात तासांवर आणा.

फिल्टरबद्दल फार लिहीत नाही. स्पंज लावा, श्रिंपची पिल्लं ओढली जात नाहीत आणि स्पंजवर चरतातही. धुवायचा तो टाकीच्याच काढलेल्या पाण्यात.

उन्हाळा हा वेगळा विषय, पण थोडं सांगतो. निऑनला २६ अंशांच्या वर फारसं रुचत नाही आणि एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे पाणी ३० पार करणार. ३० अंशाला पाण्यात मावणारा ऑक्सिजन २५ अंशापेक्षा कमी असतो, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढलेली. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत ही युक्ती चालते, मुंबईच्या दमटात तेवढी नाही. पंख्याने पाणी दुप्पट आटेल, म्हणून वर सांगितलेलं आरओ भरायचं लक्षात ठेवा. पुढच्या वेळी मासे घ्याल तेव्हा निऑनऐवजी कार्डिनल घ्या, उष्णता जरा जास्त सोसतात. किंवा हनी गोरामीची जोडी. आपल्याच देशातली, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली, आणि स्वभावाने इतकी शांत की झाडांत ती असल्याचं आठवड्यातून दोनदा कळतं. गोरामी श्रिंपची पिल्लं मात्र टिपणार, त्याला इलाज दाट मॉस. मूठभर नाही, टाकीचा एक कोपरा भरेल एवढं.

एंजल आणि श्रिंप एकत्र नाही म्हणजे नाही. आज रुपयाएवढे असतील, पण वर्षभरात वितीएवढे होऊन निऑनसुद्धा गिळतील. शिवाय एक फूट उंचीच्या टाकीत त्यांचे पंख मावणार नाहीत.

पाणी सलग तीन आठवडे एकाच आकड्यावर राहिलं की श्रिंप आणा, एकदम दहा-बारा, छोट्या आकाराच्या. लहान असतील तर नवीन पाण्यात रुळतात, अंडीवाली मादी हौसेने आणली तर प्रवासातच अंडी टाकते. पिशवीतलं पाणी भांड्यात ओतून एअरपंपच्या बारीक नळीला गाठ मारा आणि थेंब-थेंब टाकीचं पाणी दोन तास पडू द्या. सोसायटीत देशी बदामाचं झाड असेल तर गळालेलं तपकिरी पान धुऊन टाका, एक पुरे. पाणी जरा पिवळं होईल, होऊ दे. त्या पानावर धरणाऱ्या बुळबुळीत थरावर श्रिंप दिवसभर असतात. खायला वेगळं आठवड्यात दोन-तीनदाच, उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान किंवा काकडीची चकती, तीही दोन तासांनी बाहेर. सगळं जमलं तर दीडेक महिन्यात एखाद्या मादीच्या मानेमागे पिवळसर डाग दिसेल, मग कात टाकल्यावर अंडी पोटाखाली उतरतील आणि ती सारखी पायांनी वारा घालत राहील. तिथून तीन-चार आठवडे. पिल्लं आई-बापासारखीच निघतात, फक्त तिळाहून लहान.

सकर आजच परत द्या, फुटाहून मोठा होणारा मासा आहे. दुकानदाराने नाही म्हटलं तर मोठी टाकी असलेला कोणी शोधा, इथेच विचारा. मुठा नदीत किंवा कुठल्या तलावात सोडू नका. आपल्याकडच्या अनेक पाण्यांत तो असाच पोचलाय. काठ पोखरतो, आणि त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात.